गोरोबाकाकांचं थापटणं : सिरॅमिकवरचा शोधनिबंध छापून येईपर्यंत

वाङ्मय मंडळाच्या अंकात सिरॅमिकचं काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. मी बुऱ्हाणपुरात राहतो, रसायनशास्त्र शिकवतो आणि मंडळाचा जुना सभासद आहे. कथा-कविता लिहिणारे आणि प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, हे मी आपल्या मंडळातच पाहिलं. शिवाय शोधनिबंध हाही शेवटी लेखनाचाच एक प्रकार आहे. त्याची रचना असते, भाषा असते, वाचक असतात आणि संपादकही असतो. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "सर, पेपर पब्लिश करायचा आहे, कुठे पाठवू?" या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही. म्हणून हा लेख. उदाहरण मी सिरॅमिकचं घेतलं आहे, पण भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा अगदी भाषाशास्त्र शिकणाऱ्यालाही यातला बराचसा भाग कामाला येईल.

सिरॅमिक म्हणजे नेमकं काय?

धातू नाही, सेंद्रिय नाही, आणि उष्णतेनं घट्ट केलेला पदार्थ, ही सिरॅमिकची साधी ओळख. कुंभाराचं मडकं, घरावरचं कौल, वीट, चिनी मातीची कपबशी ही जुनी मंडळी झाली. पण स्पार्क प्लगमधला पांढरा भाग अॅल्युमिनाचा असतो, दातांवर बसवायची टोपी झिर्कोनियाची असते आणि गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडाही सिरॅमिकच असतो. लाउडस्पीकरमधलं काळं चुंबक बहुधा फेराइटचं, म्हणजे तेही याच घराण्यातलं. मडकं आणि मोबाइलमधला कपॅसिटर एकाच कुळातले आहेत, हे लक्षात आलं की विषय परका वाटत नाही.

भट्टीत काय घडतं तेही थोडक्यात बघू. माती वाळली की वरवरचं पाणी जातं. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चिकणमातीच्या स्फटिकात रासायनिक रीतीनं बांधलेलं पाणीही निघून जातं. इथून पुढे ती पुन्हा भिजवून मळता येत नाही, म्हणजे कच्च्याचं पक्कं झालं. ५७३ अंशांना वाळूतल्या क्वार्ट्झची रचना एकदम बदलते आणि त्याचं आकारमानही बदलतं, म्हणून त्या टप्प्यावर घाई केली तर भांडं तडकतं. आणखी वर गेलं की पोटॅश, सोडा यांसारखे पदार्थ वितळून कणांमध्ये काचेसारखा थर तयार करतात आणि छिद्रं बुजू लागतात. कुंभार हे सगळं धुराच्या रंगावरून आणि आगीच्या लालीवरून ओळखतो, आणि आपण थर्मोकपल लावून मोजतो.

गुपित, पत्र आणि नियतकालिक

आता 'प्रकाशित करणं' म्हणजे काय, ते इतिहासातून समजून घेऊ. अर्धपारदर्शक, पातळ चिनी भांडी कशी बनतात हे युरोपला शतकानुशतकं माहीत नव्हतं. सॅक्सनीच्या शासकानं ब्योटगर नावाच्या तरुणाला जवळपास कैदेत ठेवून त्यावर काम करवून घेतलं. चिर्नहाउस या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली १७०८-०९ च्या सुमाराला त्याला यश मिळालं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. कृती मात्र गुपित ठेवली गेली आणि त्यासाठी कारागिरांवर पहारे बसले.

त्याच काळात फादर दांत्रकोल हे फ्रेंच जेझुइट धर्मप्रचारक चीनमधल्या जिंगडेझेन या भांड्यांच्या गावी राहत होते. त्यांनी १७१२ मध्ये आणि पुन्हा १७२२ मध्ये लांबलचक पत्रं लिहिली. कोणती पांढरी माती लागते, तिच्यात कोणता कुटलेला दगड मिसळतात, भट्टी कशी रचतात, हे सगळं त्यात होतं. ही पत्रं छापली गेली आणि कुणालाही वाचता आली. फादर स्वतः काही कुंभार नव्हते. त्यांनी पाहिलं, कारागिरांना विचारलं, जुने चिनी ग्रंथ चाळले आणि दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा तपशिलानं लिहिलं. माइसेनमध्ये ज्ञान होतं पण ते कुलूपबंद होतं, आणि पत्रांमुळे ते सगळ्यांचं झालं. प्रकाशन म्हणजे हेच.

आमच्या बुऱ्हाणपूरचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, तबकुतुल अर्ज या फारसी जाणकारानं सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून शहरात आणलं. शंभरावर कुंड्यांची ती रांग आज कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणून ओळखली जाते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत तिचं नाव गेलं. हे पाणी पुढे शहरात खेळवण्यासाठी मातीचे नळ वापरले जात. ही माती कुठली होती, तिच्यात काय मिसळलं होतं, नळ किती भाजले होते आणि सांधे कशानं बुजवले होते, हे सांगणारा बांधणाऱ्याचा स्वतःचा निबंध आपल्या हाती नाही. असणार तरी कसा? लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जुन्यातलं जुनं वैज्ञानिक नियतकालिक १६६५ मध्ये निघालं, म्हणजे आमच्या भंडाऱ्यानंतर पन्नास वर्षांनी. काम अजून उभं आहे, पण त्यामागचं ज्ञान आता खापरावरूनच उलगडावं लागेल.

खापरावरून किती उलगडतं तेही सांगतो. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि डेक्कन कॉलेजनं १९५५ मध्ये अहवाल छापला. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली आणि वाजवली तर खणखणणारी ती भांडी. अहवालात त्यांचं वर्णन आणि चित्रं इतकी व्यवस्थित होती की नंतर दुसरीकडे तशीच खापरं सापडली तेव्हा ओळख पटवता आली. आमच्याच तापीच्या खालच्या अंगाला नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आहे. तिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि तिथल्या थरांतही जोर्वे पद्धतीची भांडी मिळाली. एका लहान गावाचं नाव देशभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं, कारण कुणीतरी नीट लिहून छापलं.

पहिली पायरी : प्रश्न

शोधनिबंधाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, प्रश्नापासून होते. एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. हा काही माझा प्रयोग नाही, शिकवण्यासाठी रचलेलं उदाहरण आहे.

बुऱ्हाणपूर म्हणजे केळी. इकडे आमचा जिल्हा आणि पलीकडे रावेर, सगळा पट्टा केळीचा. घड काढला की खांब उरतो, आणि तो बांधावर कुजतो किंवा जाळला जातो. केळीच्या खांबाच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. आत्ताच आपण पाहिलं की पोटॅश मातीतले कण कमी तापमानाला जुळवायला मदत करतं. मग ही राख विटेच्या मातीत मिसळली तर वीट कमी तापमानाला पक्की होईल का? तसं झालं तर सरपण वाचेल, धूर कमी होईल आणि खांबांचीही सोय लागेल.

हा विषय झाला, प्रश्न अजून झालेला नाही. प्रश्न असा हवा : तापीच्या गाळाच्या मातीत केळीच्या खांबाची राख वजनानं ०, ५, १० आणि १५ टक्के मिसळून ८०० आणि ९०० अंशांना भाजल्यास विटेचं पाणी शोषण्याचं प्रमाण आणि दाब सोसण्याची ताकद किती बदलते? आता काय मोजायचं ते कळलं, आणि 'नाही' असं उत्तर येण्याचीही शक्यता उघडी राहिली. ज्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर येऊच शकत नाही, त्यावर संशोधन होत नाही, जाहिरात होते.

पुढचं काम म्हणजे आधी कुणी काय केलंय ते शोधणं. भाताच्या तुसाची राख, उसाच्या चिपाडाची राख, औष्णिक वीज केंद्राची राख या सगळ्यांवर विटांच्या संदर्भात जगभर काम झालंय. ते वाचल्याशिवाय आपलं 'नवीन' काय हे सांगता येत नाही. 'मूळ संशोधन' याचा अर्थ जगात कधीच कुणी विचार केला नव्हता असं काही नव्हे. माहीत असलेल्या भिंतीवर एक वीट आपली हवी, आणि ती कुठे बसते ते दाखवता यायला हवं, इतकाच त्याचा अर्थ. नुसतं "आमच्या गावची माती" म्हणून नवेपणा येत नाही. त्या मातीत वेगळं काय आहे हे सांगितलं, तर येतो.

एक सूचना : कुंभाराकडे आणि वीटभट्टीवर जाऊन या. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. काकांना विचारा, "राख का घालता? जास्त झाली तर काय होतं?" त्यांच्या उत्तरात तुमच्या प्रयोगाचा अर्धा आराखडा असतो.

दुसरी पायरी : मोजमाप

पाणी शोषण्याची चाचणी अगदी घरगुती वाटावी अशी आहे. वीट ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन करायचं. मग २४ तास पाण्यात बुडवून ठेवायची, बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. समजा, लहान नमुन्याचं कोरडं वजन ५०.० ग्रॅम आणि ओलं ५७.५ ग्रॅम, तर शोषण १५ टक्के. साध्या विटांसाठी भारतीय मानक आयएस १०७७ मध्ये ही मर्यादा २० टक्के आहे आणि वरच्या वर्गाच्या विटांसाठी १५ टक्के. म्हणजे आपला आकडा चांगला की वाईट, हे ठरवायला एक पट्टी आपल्याकडे आहे.

पण एका नमुन्यावर काही सिद्ध होत नाही. तीन नमुन्यांचे आकडे १५.०, १४.२ आणि १६.१ आले असं धरा. सरासरी १५.१ येते आणि प्रमाण विचलन सुमारे ०.९५. आता राख मिसळलेल्या नमुन्यांची सरासरी १४.६ आली, तर "राखेमुळे शोषण कमी झालं" असं लिहाल का? फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि एकाच मातीच्या नमुन्यांतला चढउतारच त्याच्या दुप्पट. इथे प्रामाणिक वाक्य असं असेल : "या नमुन्यांत फरक दिसून आला नाही; जास्त नमुने तपासावे लागतील." हे वाक्य लिहिताना हात जड होतो, मला माहीत आहे. पण शोधनिबंधाची किंमत अशाच वाक्यांवर ठरते.

बाकीच्या चाचण्यांना मोठी यंत्रं लागतात. मातीत आणि भाजलेल्या विटेत कोणती खनिजं आहेत हे एक्स-रे डिफ्रॅक्शननं कळतं, आणि छिद्रं कशी आहेत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसतं. "आमच्या कॉलेजात यंत्रच नाही" हे कारण मी पुष्कळदा ऐकतो. पण मुंबईच्या आयआयटीतल्या केंद्रीय उपकरण सुविधेत बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात. आम्हाला जवळ पडणाऱ्या इंदूरमध्ये यूजीसी-डीएई कन्सोर्शियम आहे, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना यंत्रं वापरता यावीत यासाठीच ते उभं केलेलं आहे. अर्ज करावा लागतो आणि वाट बघावी लागते. तोवर वही नीट ठेवा. तारीख, वजन, तापमान, कोणत्या शेतातला खांब, राख कशी केली, आणि फुटलेला नमुनासुद्धा. फुटलेला नमुना वहीतून गाळायचा नसतो.

तिसरी पायरी : लिहिणं

शोधनिबंधाचा साचा ठरलेला असतो : गोषवारा, प्रस्तावना, साहित्य आणि पद्धती, निष्कर्ष म्हणजे हाती आलेले आकडे, चर्चा आणि समारोप. वाचक त्याच क्रमानं वाचत नाहीत. बहुतेक जण आधी शीर्षक, मग गोषवारा, मग आकृत्या बघतात. लिहितानाही उलट सुरुवात करा. पद्धती आधी लिहा, कारण ती तुम्ही स्वतः केलेली असते. मग तक्ते, मग चर्चा. प्रस्तावना शेवटी आणि गोषवारा सगळ्यांत शेवटी.

पद्धतीची कसोटी एकच : तुमचा निबंध वाचून कोल्हापूरच्या किंवा कराचीच्या विद्यार्थ्याला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. "राख मातीत मिसळून भाजली" एवढं पुरत नाही. राख कोणत्या चाळणीतून चाळली, तापमान मिनिटाला किती अंशांनी वाढवलं, वरच्या तापमानाला किती वेळ धरलं, भट्टी कशी थंड केली, हे सगळं यायला हवं. क्वार्ट्झच्या ५७३ अंशांची आठवण ठेवा, म्हणजे तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग का सांगायचा ते कळेल.

भाषेबद्दल थोडं, कारण आपण मराठीचे लोक. सिरॅमिकची बहुतेक नियतकालिकं इंग्रजीत निघतात, हे खरं. पण विचार इंग्रजीतच करायला हवा असं कुणी सांगितलं नाही. मी विद्यार्थ्यांना चर्चेचा भाग आधी मराठीत लिहायला लावतो. "राखेमुळे काय झालं आणि का झालं असं तुला वाटतं?" ते आईला सांगावं तसं लिही म्हणतो. जिथे मराठी वाक्य अडखळतं तिथे बहुधा विचारच अडखळलेला असतो. इंग्रजीत तेच अडखळणं मोठमोठ्या शब्दांखाली लपून जातं.

दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबाबत आता नियम कडक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीनं कारवाई आहे. पण "नऊ टक्के चालतात" हा हिशेब करू नका. सॉफ्टवेअरला शब्द मोजता येतात, चोरलेला विचार मोजता येत नाही. तो आपला आपल्यालाच माहीत असतो.

चौथी पायरी : कुठे पाठवायचं?

इथे सगळ्यांत जास्त सावध राहायला हवं. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्यानं मातीच्या पाणीगाळणीवर दोन वर्षं मनापासून काम केलं. एक दिवस ई-मेल आला : "आदरणीय प्रोफेसर, आपला बहुमोल लेख तीन दिवसांत प्रकाशित करू." नाव आंतरराष्ट्रीय, आयएसएसएन क्रमांक आहे, 'इम्पॅक्ट फॅक्टर'ही छापलेला. घरून काही हजार रुपये मागवून त्यानं भरले. चौथ्या दिवशी लेख वेबसाइटवर आला, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. कुणी एक शब्द वाचला नव्हता. पुढे त्यानं तेच काम एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवलं, तर संपादकांनी नम्रपणे परत केलं, कारण ते आधीच प्रकाशित झालेलं होतं. पहिल्या ठिकाणी "लेख मागे घ्या" म्हणून लिहिलं, तर त्यासाठी वेगळे पैसे मागितले. पैसे गेले ते गेलेच, पण दोन वर्षांचं काम त्या वेबसाइटवर अडकलं ते अजून सुटलेलं नाही. त्याचं मोजमाप चांगलं होतं, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

हा एकट्याचा अनुभव नाही. बोगस नियतकालिकांचा सुळसुळाट इतका झाला की २ मे २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढून टाकली. त्यानंतर यूजीसी-केअर ही नवी यादी आली, आणि तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं तीही यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक कसं पारखावं याचे निकष सुचवले. म्हणजे आता पारखणं आपल्यावरच आलं आहे.

मग पारखायचं कसं? आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. संपादक मंडळातली दोन नावं निवडा आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर ते या नियतकालिकाचा उल्लेख करतात का ते बघा. मागच्या अंकातले दोन लेख खरोखर वाचा. लेख कधी मिळाला, कधी दुरुस्त झाला आणि कधी स्वीकारला, या तारखा चांगली नियतकालिकं बहुधा देतात. शुल्क किती हे आधीच स्पष्ट लिहिलेलं असावं. पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक बोगस नसतं आणि पैसे न घेणारी चांगली नियतकालिकंही आहेत. नामांकित नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब नक्कल केलेल्या वेबसाइटही असतात, म्हणून पत्ता नीट तपासा. आणि तुमच्या निबंधाच्या संदर्भसूचीत ज्या नियतकालिकांची नावं पुन्हा पुन्हा येतात, तीच बहुधा तुमच्या निबंधाची योग्य घरं असतात.

आपल्या देशात या विषयाची जुनी परंपरा आहे. इंडियन सिरॅमिक सोसायटीची 'ट्रान्झॅक्शन्स' आहेत. बंगळुरूच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'बुलेटिन ऑफ मटेरिअल्स सायन्स' आहे. परदेशात 'जर्नल ऑफ द अमेरिकन सिरॅमिक सोसायटी' १९१८ पासून निघतं. केळीच्या राखेच्या विटांचा निबंध कदाचित बांधकाम साहित्याच्या नियतकालिकात जास्त शोभेल. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, हा नियम मात्र पक्का.

पाचवी पायरी : थापटणं

संत गोरा कुंभारांची कथा तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमली होती. कोणाचं मडकं कच्चं आणि कोणाचं पक्कं ते बघा, असं मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना सांगितलं. काका थापटणं घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं.

समीक्षकांचे अभिप्राय येतात तेव्हा आपल्या सगळ्यांचा नामदेव होतो. संपादक तुमचा लेख त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. ते बहुधा नाव न सांगता, आणि सहसा मोबदला न घेता, वाचून लिहितात. आपल्या केळीच्या राखेच्या निबंधावर कसले ठोके बसतील बघा. "खांब किती तापमानाला जाळला? राखेचं रासायनिक पृथक्करण कुठे आहे?" "राखेतलं पोटॅश पाण्यात विरघळतं, मग अशा विटेवर लोणा फुटतो का ते तपासलं का?" "सरपण वाचेल म्हणता, पण खांब वाळवायला आणि जाळायला लागणारी ऊर्जा धरली का?" तिन्ही प्रश्न बोचरे, आणि तिन्ही रास्त. लोण्याची चाचणी करून बघितली आणि खरंच पांढरा थर आला, तर निबंध पडला असं नाही. उलट गवंड्याच्या दृष्टीनं तीच सगळ्यांत उपयोगाची माहिती ठरेल.

उत्तर लिहायची पद्धत अशी. समीक्षकाचं प्रत्येक वाक्य उतरवून घ्या आणि त्याखाली काय बदललं ते पान क्रमांकासह लिहा. पटलं नाही तर सौजन्यानं, पुरावा देऊन, का पटलं नाही ते सांगा. पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका, राग उतरू द्या. कथेतल्या नामदेवांनीही पुढे विसोबा खेचरांना गाठलं आणि ते पक्के झाले.

समीक्षेची पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रांचीत जन्मलेले आणि अमेरिकेत सिरॅमिकशास्त्राचे मोठे अभ्यासक झालेले रुस्तुम रॉय हे स्वतः 'मटेरिअल्स रिसर्च बुलेटिन'चे संस्थापक संपादक, तरी त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. समीक्षक नव्या कल्पनेला अडवू शकतो, आणि स्पर्धकही असू शकतो. १९८७ चं गाजलेलं उदाहरण आहे. ह्यूस्टनचे पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ९३ केल्विनला, म्हणजे उणे १८० अंशांना, अतिवाहक होणारं सिरॅमिक सापडलं. द्रव नायट्रोजनच्या थंडीत चालणारं ते पहिलंच. त्यांनी पाठवलेल्या हस्तलिखितात यट्रियमच्या जागी यटर्बियम असं पडलं होतं, आणि ते छपाईच्या आधी दुरुस्त झालं. चू यांनी ती टंकलेखनातली चूक असल्याचं सांगितलं. कृती फुटू नये म्हणून मुद्दाम केलं असावं, असा संशय अनेकांनी घेतला. माइसेनचे पहारेकरी अजून पुरते गेले नाहीत, एवढं यातून दिसतं.

त्याच्या आदल्या वर्षी याच विषयाची सुरुवात करणाऱ्या बेडनॉर्झ आणि म्युलर यांचा निबंध मात्र प्रत्येक विद्यार्थ्यानं बघावा, निदान त्याचं शीर्षक तरी. पदार्थ होता बेरियम, लँथॅनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं सिरॅमिक. शोध एवढा मोठा की पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. पण शीर्षकातला पहिला शब्द आहे 'संभाव्य'. हाती असलेल्या पुराव्यावर जितकं म्हणता येत होतं, तितकंच त्यांनी म्हटलं. बाकीच्यांनी प्रयोग करून पाहिला आणि तो खरा निघाला.

नाव कुणाचं?

शेवटचा मुद्दा नावांचा, आणि भांडणं इथेच जास्त होतात. ज्यानं प्रश्न मांडला, मोजमाप केलं, अर्थ लावला आणि लिखाणाची जबाबदारी घेतली, तो लेखक. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालू नये, आणि काम केलेल्या मैत्रिणीचं नाव ती नोकरीला लागली म्हणून गाळू नये. नावांचा क्रम काम सुरू होतानाच बोलून घ्यावा. तेव्हा बोलायला संकोच वाटतो, नंतर मैत्री तुटते.

आणि ते कुंभारकाका? त्यांनी माती दाखवली, राखेचं प्रमाण सांगितलं, आव्यात नमुने भाजून दिले. निदान आभारात त्यांचं नाव त्यांच्या परवानगीनं यायलाच हवं. प्रयोगाचा आराखडाच त्यांच्या माहितीतून उभा राहिला असेल, तर ते सहलेखक का नसावेत, हा प्रश्न मार्गदर्शकांना जरूर विचारा. आमच्या भंडाऱ्याचे नळ ज्या हातांनी घडवले त्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत. निदान आपल्या निबंधात तसं होऊ नये. आणि निबंध छापून आला की काकांना त्यांच्या भाषेत दोन पानं लिहून द्या : तुम्ही सांगितलं त्यातलं हे खरं निघालं, हे निघालं नाही. इंग्रजी नियतकालिक त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. हे काम मराठी, हिंदी लिहिता येणाऱ्यालाच करावं लागेल, आणि वाङ्मय मंडळातल्या मुलांचा इथे चांगला उपयोग होईल.

आता गृहपाठ. येत्या रविवारी तुमच्या गावातला एक मातीचा पदार्थ निवडा : कौल, वीट, कुंडी, रांजण, काहीही. त्याबद्दल 'नाही' असं उत्तर येऊ शकेल असा एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली काय मोजाल ते लिहा, किती नमुने घ्याल ते लिहा, आणि त्यातलं कोणाला विचारून कळलं त्यांचं नाव लिहा. कागद मंडळाच्या पेटीत टाका. पुढच्या बैठकीत आपण एकमेकांचे प्रश्न थापटून बघू, आणि कोणी चिडायचं नाही.